निबंधाचा आराखडा: प्रश्न हाती पडल्यापासून शेवटच्या वाचनापर्यंत

निबंध बहुतेक वेळा फसतो तो लिहायला बसण्याच्या आधीच. विद्यार्थ्याने मन लावून वाचलेलं असतं, वही टिपणांनी भरलेली असते, भाषाही बरी असते. तरी तपासणाऱ्याचा शेरा येतो: ‘माहिती भरपूर, मांडणी नाही.’ तो वाचून विद्यार्थी पुढच्या वेळी आणखी माहिती गोळा करतो आणि तोच शेरा पुन्हा मिळवतो.

मांडणी माहितीतून निघत नाही, उत्तरातून निघते. आपल्याला काय म्हणायचं आहे हे एका वाक्यात ठरलं, की कोणता मुद्दा आधी, कोणता नंतर आणि कोणता मुळीच नको, हे बरंचसं त्यातूनच ठरत जातं. ते वाक्य नसेल तर कितीही परिच्छेद पाडा, रास ती रासच राहते.

पुढची सगळी वाट एकाच उदाहरणावर चालून दाखवतो. प्रश्न इतिहासाचा आहे, पण साहित्य, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, कुठेही पायऱ्या याच.

‘छापखान्यामुळेच युरोपात धर्मसुधारणा घडून आली.’ या विधानाची चिकित्सा करा. (शब्दमर्यादा १५००)

(धर्मसुधारणा म्हणजे सोळाव्या शतकात युरोपात कॅथलिक चर्चविरुद्ध उभी राहिलेली, प्रोटेस्टंट पंथांना जन्म देणारी चळवळ.)

प्रश्न फोडून वाचा

प्रश्न कागदावर हाताने उतरवून घ्या आणि तीन गोष्टींखाली रेघ ओढा: काय करायला सांगितलं आहे, कशाबद्दल, आणि किती मर्यादेत.

‘काय करायला सांगितलं आहे’ हे क्रियापदात असतं आणि तिथेच सर्वाधिक गुण वाया जातात. ‘वर्णन करा’ म्हणजे काय घडलं ते सांगा. ‘स्पष्ट करा’ म्हणजे कसं आणि का घडलं ते उलगडा. ‘तुलना करा’ म्हणजे दोन गोष्टी एकाच कसोटीवर घासून बघा. एकीची माहिती, मग दुसरीची माहिती, याला तुलना म्हणत नाहीत. ‘चर्चा करा’मध्ये वेगवेगळ्या बाजू मांडून स्वतःचा कल सांगणं अपेक्षित असतं. ‘चिकित्सा करा’ किंवा ‘मूल्यमापन करा’ म्हटलं, की दिलेलं विधान कितपत खरं आहे याचा निवाडा द्यावाच लागतो. आपल्या प्रश्नात चिकित्सा मागितली आहे. म्हणजे छापखान्याचा इतिहास आणि धर्मसुधारणेचा इतिहास असे दोन सुबक भाग लिहिणारा विद्यार्थी प्रश्नाला स्पर्शही न करता पंधराशे शब्द संपवू शकतो. असे निबंध नेहमी दिसतात.

आता विधानातले छोटे शब्द बघा. ‘छापखान्यामुळे’ असतं तर गोष्ट वेगळी होती. इथे ‘छापखान्यामुळेच’ आहे. सगळा प्रश्न त्या ‘च’वर उभा आहे. छापखान्याचा हात होता का, हा वाद नाही. तो एकटाच कारण होता का, हा वाद आहे. मराठी प्रश्नपत्रिकेत च, ही, केवळ, प्रामुख्याने, अपरिहार्यपणे हे शब्द दिसले की थांबायचं. प्रश्न काढणाऱ्याने ते सहसा मुद्दाम घातलेले असतात.

वाचायच्या आधी पाच ओळी लिहा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. पुस्तक उघडण्यापूर्वी दहा मिनिटं घ्या आणि आत्ता, या क्षणी, उत्तर काय वाटतं ते पाच ओळींत लिहून काढा. चुकीचं असलं तरी चालेल. ‘छापखाना महत्त्वाचा होताच, पण लोकांचा चर्चवर रागही असणार. शिवाय तेव्हा किती जणांना वाचता येत होतं?’ एवढंसुद्धा पुरे.

याचा फायदा असा, की वाचनाला दिशा मिळते. वरच्या ओळींतूनच तीन प्रश्न निघाले: छापखान्याआधी असा राग होता का, लोक वाचू शकत होते का, आणि छापखाना असूनही धर्मसुधारणा झाली नाही अशी जागा आहे का? आता तुम्ही हे तीन प्रश्न घेऊन पुस्तकात शिरता. नाही तर पुस्तक तुम्हाला त्याच्या वाटेने नेतं, आणि शेवटी निबंधाची मांडणीही त्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी होते.

टिपणं पुस्तकाप्रमाणे नकोत, प्रश्नाप्रमाणे हवीत

‘अमुक पुस्तक, प्रकरण तीन’ असं शीर्षक देऊन पानंच्या पानं उतरवणं ही मेहनत दिसते छान, कामाला येत नाही. त्याऐवजी प्रत्येक उपप्रश्नाला एक पान द्या आणि कुठल्याही पुस्तकातून आलेला मुद्दा त्या त्या पानावर टाका. प्रत्येक टिपणाला तीन गोष्टी हव्यात: मुद्दा स्वतःच्या शब्दांत, तो कुठून आला (लेखक, वर्ष, पृष्ठ), आणि तो माझ्या उत्तरात कशासाठी लागेल. तिसरी गोष्ट लिहिता येत नसेल तर टिपण बहुधा नकोच आहे.

मूळ वाक्य जसंच्या तसं उतरवलं असेल तर त्याच क्षणी अवतरणचिन्हं घाला. नंतर घालीन म्हणू नका. तीन आठवड्यांनी स्वतःच्या वहीतलं वाक्य आपलं की पुस्तकातलं हे कोणालाच आठवत नाही, आणि नकळत केलेलं वाङ्मयचौर्यही वाङ्मयचौर्यच धरलं जातं. दुसऱ्या भाषेतून वाचत असाल तर एक सापळा आणखी आहे: मूळ वाक्याचं मराठी केलं की ते आपलं झाल्यासारखं वाटतं. शब्द तुमचे असतात, विचार त्याचाच असतो. संदर्भ द्यावाच लागतो.

वाचन कधी थांबवायचं? नवा लेख वाचताना ‘हे आधी आलंय’ असं सलग तीन-चारदा झालं, की. त्यापुढचं वाचन अनेकदा लिहिणं टाळण्याचा सभ्य मार्ग असतो.

मुख्य विधान: एक वाक्य, ज्याला ‘नाही’ म्हणता येतं

वाचून झालं, आता उत्तर एका वाक्यात लिहा. याला मुख्य विधान म्हणू. ते चांगलं आहे का हे ओळखायची एक कसोटी पुरते: एखादा समंजस, वाचलेला माणूस याला ‘मला नाही पटत’ म्हणू शकेल का? म्हणू शकत नसेल, तर तुम्ही काही म्हटलंच नाही.

पहिला प्रयत्न: ‘छापखान्याने धर्मसुधारणेत महत्त्वाची भूमिका बजावली.’ याला कोण नाही म्हणेल? ‘महत्त्वाची भूमिका’ हा शब्दप्रयोग दिसला की समजावं, लेखकाने निर्णय पुढे ढकलला आहे.

दुसरा प्रयत्न: ‘धर्मसुधारणेचा छापखान्याशी संबंध नव्हता.’ याला नाही म्हणता येतं, पण पुरावा तुम्हालाच उताणं पाडेल.

तिसरा प्रयत्न: ‘छापखान्याने चर्चविरोधी असंतोष निर्माण केला नाही, त्याने तो आवरता न येण्याइतक्या वेगाने पसरवला, आणि पसरलेला विचार टिकला तो मात्र राजकीय आश्रयामुळे.’

आता काहीतरी हाताला लागलं. या वाक्यात तीन गोष्टी आहेत: जन्म, प्रसार, टिकाव. निबंधाचे तीन भाग आयतेच मिळाले. शिवाय ‘च’ला उत्तरही मिळालं: प्रसाराला छापखाना, बाकी दोन्हींना दुसरं काही. मुख्य विधानातूनच रचना दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, वाक्यावरच आणखी अर्धा तास घालवा. तो अर्धा तास नंतर सहा तास वाचवतो.

थोडं विषयांतर. मोन्तेन या फ्रेंच लेखकाने १५८० मध्ये आपल्या लेखनाला ‘एसे’ (essai) हा जो शब्द वापरला त्याचा अर्थ ‘प्रयत्न’ असा होतो, आणि त्याचं लेखनही तसंच आहे, सुचेल तसं भटकणारं. आपल्या ‘निबंध’ शब्दात बांधणं आहे. ललित लेखाला मोन्तेनची मोकळीक शोभते, पण विद्यापीठातल्या निबंधाला आपलाच शब्द जास्त लागू पडतो. त्यात सैल सुटलेलं टोक चालत नाही.

शब्दांचा हिशोब, मग आराखडा

पंधराशे शब्दांतले साधारण दीडशे प्रस्तावनेला, दीडशे समारोपाला. उरले बाराशे. एक मुद्दा पुराव्यासह नीट मांडायला दोनशेच्या आसपास शब्द लागतात. म्हणजे तुमच्याकडे सहा मुद्द्यांची जागा आहे. वहीत चौदा मुद्दे असतील तर आठ जाणार, आणि ते आत्ताच जायला हवेत, लिहून झाल्यावर नव्हे. हा हिशोब न करणारा माणूस पहिल्या दोन मुद्द्यांवर नऊशे शब्द उधळतो आणि शेवटचे चार एका परिच्छेदात कोंबतो.

आराखड्यात ‘साक्षरता’, ‘राजाश्रय’ असे एकेक शब्द लिहू नका. शब्द काहीच सांगत नाही. प्रत्येक परिच्छेदासाठी पूर्ण वाक्य लिहा, ज्यात दावा असेल:

१. चर्चवरची हीच टीका छापखान्याआधी झाली होती. (इंग्लंडमधला धर्मपंडित जॉन विक्लिफ, मृत्यू १३८४, आणि बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातला, यान हुस, १४१५ मध्ये कॉन्स्टन्स शहरात जाळला गेला.)

२. छापखाना स्वतः कोणाच्याच बाजूचा नव्हता. तो आधी चर्चच्याही कामी आला. (१४५४-५५ मध्ये माइन्त्सला छापलेली क्षमापत्रं, म्हणजे पापाची शिक्षा माफ झाल्याचे चर्चने पैसे घेऊन दिलेले दाखले.)

३. १५१७ नंतर बदलला तो वेग: जर्मन भाषेतल्या छोट्या, स्वस्त पुस्तिकांनी विटेनबर्गचा वाद विद्यापीठाबाहेर नेला. (विटेनबर्गचा प्राध्यापक मार्टिन ल्यूथर याने त्या वर्षी क्षमापत्रांविरुद्ध मांडलेला प्रबंध.)

४. वाचणारे थोडे असले तरी छापील मजकूर मोठ्याने वाचून, प्रवचनांतून आणि काष्ठचित्रांतून न वाचणाऱ्यांपर्यंत पोचला.

५. पसरणं वेगळं, टिकणं वेगळं: १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर मत मागे घ्यायला नकार दिल्यावर ल्यूथर बचावला तो सॅक्सनीचा शासक फ्रेडरिक याने त्याला वार्टबर्गच्या किल्ल्यात लपवल्यामुळे.

६. छापखाने भरपूर असलेल्या व्हेनिसमध्ये धर्मसुधारणा रुजली नाही. म्हणजे छापखाना असणं पुरेसं नव्हतं.

आता ही सहा वाक्यं सलग, मोठ्याने वाचा. कोणी तिऱ्हाइताने ऐकली तर त्याला युक्तिवाद कळतो का? कळत असेल तर निबंध झालाच आहे, फक्त लिहायचा राहिलाय. मग दोन शेजारच्या वाक्यांची अदलाबदल करून बघा. काहीच बिघडलं नाही, तर ती दोन वाक्यं एकमेकांना धरून नाहीत, नुसती शेजारी बसलेली आहेत. वरच्या यादीत पाचवं तिसऱ्याच्या आधी आणून पाहा, लगेच अडखळाल. अडखळायलाच हवं.

क्रम प्रत्येक वेळी जन्म-प्रसार-टिकाव असा कालानुसार लागेलच असं नाही. तुलनेच्या निबंधात कसोटीनुसार परिच्छेद पाडावेत आणि प्रत्येकात दोन्ही गोष्टी आणाव्यात. धोरणाविषयीच्या प्रश्नात अडचण, तिची कारणं, उपलब्ध पर्याय, त्यांतला तुमचा, असं जाता येतं. शाळेत शिकवलेला ‘प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप’ हा साचा सुरुवातीला हात धरायला ठीक होता. मुद्दे किती आणि कसे हे साच्याने ठरवायचं नसतं.

विरोधी बाजू कुठे आणि कशी आणायची

‘काही लोकांचं मत वेगळं आहे’ असं एक वाक्य शेवटी टाकून भागत नाही. विरोधकाचा सर्वांत बळकट मुद्दा शोधा, दुबळा नव्हे. आमच्या उदाहरणात तो असा असेल: ‘हुसची टीका छापखान्याआधीची होती हे खरं, पण म्हणूनच ती प्रामुख्याने बोहेमियापुरती राहिली. ल्यूथरला छापखाना मिळाला आणि त्याची युरोपभर गेली. मग फरक छापखान्यानेच केला ना?’

हा आक्षेप खरोखर जड आहे. त्याला झटकू नका. जेवढं खरं तेवढं कबूल करा: होय, व्याप्तीतला फरक बऱ्याच अंशी छपाईचा आहे. मग उरलेलं दाखवा: हुसचे अनुयायी १४१९ ते १४३४ पर्यंत लढले आणि छापील पानाशिवाय आपल्या प्रदेशात टिकून राहिले, म्हणजे टिकण्याचं कारण दुसरीकडे आहे. अशा कबुलीने मुख्य विधान कमजोर होत नाही, त्याची धार नेमकी कुठे लागते ते वाचकाला दिसतं. हा मजकूर पहिल्या मुद्द्याला जोडून आणायचा की सहाव्यानंतर, ते तुम्ही ठरवा. मी पहिल्याच मुद्द्याला जोडीन, कारण वाचकाच्या मनात शंका तिथेच येते.

आणि विरोधी मुद्द्याला उत्तर सापडलंच नाही तर? मग मुख्य विधान बदला. आराखड्याच्या टप्प्यावर ते बदलायला एक ओळ पुरते.

एक परिच्छेद आतून

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन याने १९५८ मध्ये युक्तिवादाचे भाग वेगळे करून दाखवले. त्यातले तीन रोजच्या लेखनाला पुरतात: दावा, त्यासाठीचा पुरावा, आणि या पुराव्यावरून तो दावा का निघतो हे सांगणारा दुवा. विद्यार्थी पहिले दोन लिहितात, तिसरा वाचकावर सोडतात. दुसरा मुद्दा लिहून बघू:

‘छापखाना जात्याच चर्चविरोधी होता असं मानता येत नाही. गुटेनबर्गच्या माइन्त्स शहरात १४५४-५५ मध्ये छापलेली क्षमापत्रं ही युरोपातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांपैकी आहेत. पुढे ज्या प्रथेवर ल्यूथरने हल्ला चढवला, त्याच प्रथेला छपाईने आधी हातभार लावला होता. छापखाना आल्यापासून ल्यूथरच्या प्रबंधापर्यंत साठेक वर्षं गेली. यंत्र तेच असताना परिणाम वेगळे झाले असतील, तर फरक यंत्रात शोधून चालणार नाही. ते कोण, कोणत्या मजकुरासाठी वापरत होतं, हे पाहावं लागेल.’

पहिलं वाक्य दावा. मधली पुरावा. शेवटची दोन वाक्यं दुवा, आणि तीच वाचकाला तिसऱ्या मुद्द्याच्या दारात नेऊन सोडतात. ती काढून टाका: उरते एक मनोरंजक माहिती, युक्तिवाद नाही. (प्रत्यक्ष निबंधात मधल्या वाक्यांना संदर्भ जोडायचे.)

परिच्छेद जोडताना ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘याशिवाय’ यांपासून सावध राहा. हे शब्द कशालाही काहीही चिकटवतात. चार परिच्छेदांची सुरुवात ‘तसेच’ने होत असेल तर ती यादी आहे. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘याउलट’, ‘पण एवढ्याने’ हे शब्द वापरायला गेलात की नातं सिद्ध करावं लागतं, आणि ते नसेल तर लगेच उघडं पडतं. तीच गोष्ट ‘असे म्हटले जाते’, ‘असे दिसून येते’ यांची. कोण म्हणतं? कोणाला दिसतं? नाव घाला, नाही तर वाक्य काढा.

प्रस्तावना शेवटी लिहा

घर बांधायच्या आधी दारावर पाटी लावता येत नाही. मधले सहा परिच्छेद उभे राहिले की प्रस्तावनेला अर्धा तास लागतो. तिच्यात तीनच गोष्टी: वाद कशाचा आहे, त्यावर तुमचं उत्तर काय, आणि कोणत्या क्रमाने तिथे जाणार. ‘अनादी काळापासून मानव ज्ञानाच्या शोधात आहे’ अशी सुरुवात लिहिली असेल तर ती खोडा. बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यापासून निबंध खरा सुरू झालेला असतो.

समारोपात नवा पुरावा आणू नका, आणि प्रस्तावना भूतकाळात फिरवूनही लिहू नका. उत्तर पुन्हा द्या, पण आता वाचकाने पुरावा पाहिलेला आहे हे धरून, आणि ते उत्तर कुठवर लागू होतं तेही सांगा. आपला निबंध मुख्यतः जर्मन भाषक प्रदेशावर उभा आहे. तसं स्पष्ट म्हणण्यात कमीपणा नाही.

उलटा आराखडा

कच्चा मसुदा निदान एक रात्र बाजूला ठेवा. मग समासात प्रत्येक परिच्छेदासमोर, त्यात प्रत्यक्षात काय म्हटलंय ते एका ओळीत लिहा. काय म्हणायचं होतं ते नव्हे. एका परिच्छेदाला दोन ओळी लागल्या तर तो दोन परिच्छेदांचा ऐवज आहे. दोन परिच्छेदांना एकच ओळ आली तर एक जाणार. ओळ लिहिताच येत नसेल, तर तो परिच्छेद केवळ आवडला म्हणून राहिला आहे. माझ्या अनुभवात असा एक तरी निघतोच, आणि तो बहुधा सर्वांत सुंदर लिहिलेला असतो. काढा.

ही दुरुस्ती झाल्यावरच शुद्धलेखन, वाक्यांची लांबी आणि संदर्भांची पद्धत याकडे वळा. आधी वळलात तर नंतर उडवायच्या परिच्छेदाच्या वेलांट्या सुधारत बसाल. संदर्भाची पद्धत विभागाने ठरवून दिलेली असते: एपीएमध्ये मजकुरात लेखक आणि वर्ष येतं, एमएलएमध्ये लेखक आणि पृष्ठ. कोणतीही असो, एकच पाळा.

परीक्षेत हे सगळं एका तासात आटपायचं असेल तर पहिली दहा मिनिटं न लिहिण्यासाठी राखा: प्रश्न फोडा, मुख्य विधान लिहा, चार दाव्यांची चार वाक्यं. शेजारचा भराभर लिहितोय हे दिसेल, दिसू द्या. इथे प्रस्तावना शेवटी लिहिता येत नाही, म्हणून मुख्य विधान हीच प्रस्तावना समजून दोन वाक्यांत आटपा. आणि शेवटची पाच मिनिटं उरली असताना दोन मुद्दे राहिले असतील, तर एकावरच लिहीत बसू नका. दोन्हींची आराखड्यातली वाक्यं आणि प्रत्येकाचा एकेक पुरावा उतरवा, मग एका ओळीत उत्तर देऊन कागद बंद करा.